पिल्लू घरात आणू नका

तुमच्या आंब्याखाली पडलेलं घुबडाचं पिल्लू खोक्यात ठेवून पाळावं का, असं विचारलंय. वर्णनावरून तो पिंगळा, म्हणजे ठिपक्यांचं छोटं घुबड, दिसतोय. जखम नसेल तर कृपया त्याला त्याच झाडाच्या फांदीवर, मांजर-कुत्र्यापासून उंच ठेवा. हात लागला म्हणून आई-बाप टाकून देत नाहीत. जखमी असेल तर मात्र वनविभागाला कळवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार घुबड पाळता येत नाही.

आमच्याकडे कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळच्या जुन्या चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी आहे. गेल्या उन्हाळ्यात तीन पिल्लं होती, तिन्ही वेगवेगळ्या आकाराची. पहिलं अंडं घातलं की मादी लगेच उबवायला बसते, त्यामुळे पिल्लं मागेपुढे बाहेर येतात. दिवे लागले की बाप खांबावर येऊन बसायचा, दिव्याभोवतीचे किडे टिपून ढोलीत न्यायचा. सर्वात धाकटं पिल्लू ढोलीच्या तोंडाशी येऊन मान वर-खाली, डावी-उजवी करत माझ्याकडे बघत राहायचं. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ही सगळी मानेची कसरत. ते बघताना माझा चहा रोज गार व्हायचा.

आजी म्हणायची, पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशाला या पक्ष्याची भाषा कळते. तिने या पक्ष्याला कधी अशुभ म्हटलं नाही. शेजारी त्या चिंचेच्या फांद्या छाटायला निघाले तेव्हा मी हात जोडून पावसाळ्यापर्यंत थांबवलं.

संध्याकाळी लांबून बघा, आई नक्की येईल. काय झालं ते इथे जरूर कळवा, मी वाट बघतेय.