विषय: आईकडच्या कारवानीला गोचीडताप (बेळगाववाल्यांनी जरूर वाचा)

प्रेषक: खानापूरकर, डब्लिन

मंडळी, नमस्कार.

गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत हरवेल म्हणून वेगळा विषय काढतोय. अनगोळला आईबाबांकडे कारवानी जातीचा कुत्रा आहे, शेरा, पाच वर्षांचा. बरेच दिवस जेवणात लक्ष नव्हतं. आई म्हणाली, "उष्णता असंल, ताक देऊन बघूया की." एका दवाखान्यात तीन दिवस इंजेक्शनं झाली, ताप उतरला, पुन्हा चढला. काल नाकातून रक्त आलं तेव्हा दुसरीकडे नेलं आणि रक्त तपासलं. प्लेटलेट 18 हजार. गोचीडताप म्हणतात, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या 28 दिवस.

बाबांच्या मते महिनाभर गोळ्या म्हणजे डॉक्टरांचा धंदा. मामाचा सूर आणखी वेगळा: हा माकडतापच, तुलाही होईल ताई, कुत्रा शेतावर सोडून ये. वहिनी, तुम्ही जनावरांच्या डॉक्टर, चार ओळी लिहाल का? इथून फोनवर कुणाची समजूत काय घालायची तेच कळेना झालंय.

प्रेषक: टिळकवाडीचे काका, न्यू जर्सी

शेतावर सोडायचं नाव काढू नका म्हणावं मामांना. आजारी जनावर तिथं दोन दिवस काढणार नाही.

वहिनी, माझाही एक प्रश्न. लहानपणी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर कुत्रं चावलं आणि पोटात चौदा इंजेक्शनं घेतली. त्या धास्तीनं आमच्या घरी कुत्रा कधी आला नाही. अजून तसंच असतं का? नातवंडं डिसेंबरात बेळगावला चालली आहेत आणि गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्याला बिस्कीट घालणार हे नक्की.

प्रेषक: वहिनी, लेस्टर

भावजी, आधी बाबांचं. 28 म्हणजे 28. हा जंतू, एर्लिकिया कॅनिस, रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या आत शिरून बसतो. डॉक्सिसायक्लिन सुरू झालं की दोन-तीन दिवसांत कुत्रा उठून भाकरी मागतो आणि नेमकी तेव्हाच घरचे गोळी बंद करतात. जंतू मेलेला नसतो, दबलेला असतो. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षं कुत्रा वरून धडधाकट दिसतो. त्यातल्या काहींच्या हाडातला मगज शेवटी रक्त बनवायचंच थांबवतो, आणि त्या टप्प्यावर आम्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याचे शेकडो कुत्रे या रोगानं गेले, त्यांत जर्मन शेफर्ड जास्त. बाबांना युद्धाच्या गोष्टी आवडतात असं तुम्हीच सांगितलं होतंत, ही सांगून बघा.

गोळी रिकाम्या पोटी दिली तर ओकून टाकेल. दुधातून, पेढ्यातून, ताकातून नको, कारण त्यातलं कॅल्शियम औषधाला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. खव्याचा कुंदा तर नकोच. (आईंना ओळखते म्हणून लिहिलं.) भाकरीच्या घासात किंवा उकडलेल्या चिकनच्या तुकड्यात द्या, वरून पाणी पाजा, म्हणजे गोळी घशात चिकटून जखम करणार नाही. अंग दुखतंय म्हणून घरातली ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मुळीच देऊ नका. प्लेटलेट आधीच तळाला, त्यात ही औषधं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण.

दुसरं, रक्ताची स्मिअर, म्हणजे काचेवर पसरलेला थेंब, सूक्ष्मदर्शकाखाली कुणी पाहिली का ते विचारा. त्याच गोचिडीतून बॅबेशिया हा दुसरा परजीवीही येतो. तो तांबड्या पेशी फोडतो आणि नुसत्या डॉक्सिसायक्लिननं जात नाही, त्याची औषधं वेगळी. कधीकधी दोन्ही एकदम असतात आणि एकाचंच औषध चालू राहतं. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली किंवा हिरड्या पांढऱ्या पडल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं.

हिरड्या तुम्हाला व्हिडिओ कॉलवरही बघता येतील. आईंना ओठ वर करायला सांगा, अंगठ्यानं हिरडी दाबून सोडायची. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी झाली पाहिजे. ताप बघायचा तर थर्मामीटर शेपटीखाली, काखेत नाही, आणि 101 ते 102.5 फॅरनहाइट ही कुत्र्याची नेहमीची उष्णता. आपल्या हिशेबानं तो ताप वाटतो आणि लोक उगाच घाबरतात.

ग्रेहाउंडमध्ये निरोगी असतानाही प्लेटलेट थोड्या कमीच दिसतात. कारवानी त्याच बांध्याची जात, म्हणून कुणी "यांच्यात असंच असतं" म्हणाला तर ऐकू नका. थोड्या कमी म्हणजे 18 हजार नव्हे.

मामांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. माकडताप 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, 2016 मध्ये दोडामार्गात माणसं दगावली, तेव्हापासून आपल्या भागात गोचीड म्हटलं की तोच आठवतो. पण ती जंगलातली गोचीड, सरपणाला किंवा काजूच्या बागेत जाणाऱ्यांना धरते. शेराच्या अंगावरची तपकिरी गोचीड वेगळी. ती सहसा माणसाच्या वाटेला जात नाही, आणि शेराला कुरवाळून किंवा त्याचं नाक पुसून आईंना हा ताप येणार नाही. फक्त गोचीड बोटांनी चिरडू नये. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची आणि स्पिरिटच्या बाटलीत टाकायची.

खरं काम घराचं आहे. ही गोचीड रक्त पिऊन खाली पडते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीत शिरते आणि एकेक मादी हजारो अंडी घालते. अनगोळच्या जुन्या घरात दगडी भिंत असेल तर बघायलाच नको. शेराचं गोणपाट जाळा, फटी बुजवा आणि अंगावरच्या गोचिडीसाठी पोटात द्यायची गोळी मिळते ती डॉक्टरांना वजन सांगून घ्या. गाईम्हशींचं फवाऱ्याचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्याला आंघोळ घालतात, तो प्रकार बंद.

काका, पोटातली चौदा इंजेक्शनं मेंढीच्या मेंदूपासून केलेल्या लशीची होती. ती लस भारतात 2004 च्या सुमारास बंद झाली. आता दंडात टोचतात, पहिल्या दिवसापासून मोजून 0, 3, 7, 14, 28. रक्त आलेली जखम असेल तर जखमेभोवती इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) ही लागतं, ते मागून घ्यावं. त्याआधी नळाखाली साबणानं 15 मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर इलाज जवळजवळ नाहीच, म्हणून "घरचाच कुत्रा आहे, नुसतं खरचटलंय" असं म्हणत थांबू नये. मांजराच्या चाव्यालाही हेच. आणि हा रोग हटत नाही असंही नाही. चोर्ला घाट उतरलं की गोवा, तिथं गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली आणि 2021 मध्ये राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. नातवंडांना निघण्याआधी तिकडेच लस देता येते, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

प्रेषक: निपाणीकर, सिंगापूर

वहिनी, धागा कुत्र्याचा आहे, तरी विचारतो. निपाणीत सासूबाईंचा बोका कालपासून सारखा मोरीत जाऊन बसतो, कुंथतो, काही होत नाही. बद्धकोष्ठ समजून एरंडेल दिलंय. उद्या सकाळी दवाखान्यात नेतील.

प्रेषक: वहिनी, लेस्टर

उद्या नाही, आत्ता. बोक्याचा मूत्रमार्ग खड्यानं किंवा चिकट गाळानं बंद होतो, आणि कुंथताना तो शी करतोय की लघवी, हे बघणाऱ्याला कळत नाही. खालच्या पोटात लिंबाएवढा कडक गोळा लागला तर तुंबलाच समजा. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं, दीड-दोन दिवसांत. एरंडेल बंद. पोट दाबून लघवी काढायला जाऊ नका, मूत्राशय फुटेल. निपाणीत रात्री कुणी नसेल तर कोल्हापूर गाठा, निघण्याआधी फोन करून "कॅथेटर (लघवीची नळी) घालाल का" एवढंच विचारा. वाटेत दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराला ते विष आहे.

प्रेषक: निपाणीकर, सिंगापूर

कोल्हापुरात रात्री नळी घातली, बोका सलाइनवर आहे. मेव्हणा रात्रभर तिथंच बसून होता. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं. पुन्हा तुंबू शकतो, म्हणून कोरडं खाद्य कमी करून ओलं आणि पाणी जास्त द्यायला सांगितलंय.

प्रेषक: खानापूरकर, डब्लिन

वहिनी, स्मिअरमध्ये बॅबेशिया नाही. नाकातलं रक्त थांबलं. बाबांनी व्हिएतनामवर माझीच तासभर शाळा घेतली, पण गोळ्या देतायत. पुढचं रक्त शुक्रवारी. एकच विचारायचं होतं. शेराच्या मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध अर्धं उरलंय, शेजारच्या मनीच्या अंगावरही पिसवा आहेत, तिला थोडं टाकू का असं आई विचारतेय.

प्रेषक: वहिनी, लेस्टर

नको. खोक्यावर परमेथ्रिन लिहिलंय का बघा. कुत्र्याला चालतं, मांजराला त्यानं झटके येतात आणि मरतंही. शेराला लावलं तरी वाळेपर्यंत मनीला त्याच्या जवळ झोपू देऊ नका. मनीसाठी मांजराचं वेगळं औषध मिळतं, वजन करून आणा.