आयफेलमधली तळी आणि वाइनफेल्डचं चर्च

जर्मनीतल्या आयफेल या डोंगराळ भागातली गोल तळी म्हणजे ज्वालामुखीच्या स्फोटात माथा उडालेले डोंगर, असं काहींना वाटतं. तिथल्या 'मार' तळ्यांच्या बाबतीत तसं नाही. तिथे डोंगर कधी उभाच राहिला नाही. वर येणारा तप्त शिलारस भूजलाला भिडला, वाफेचा स्फोट झाला आणि सपाट जमिनीत खड्डा पडला. उडालेला दगडचुरा काठाभोवती साचला. पुढे खड्ड्यात पाणी भरलं.

डाउन या तिथल्या शहराजवळचं शाल्केनमेरेन हे छोटं गाव अशाच एका तळ्याला खेटून वसलंय. खरं तर तिथे दोन विवरं जोडून आहेत. एकात पाणी आहे, दुसरं गाळाने भरून गेलंय.

पण माझा जीव अडकतो तो शेजारच्या वाइनफेल्डच्या तळ्यात. ५० मीटरहून खोल, काळंशार पाणी, काठावर एकही घर नाही. इथे गाव होतं. सोळाव्या शतकात प्लेगची साथ आली आणि ते ओस पडलं. उरलं फक्त सेंट मार्टिनचं पांढऱ्या भिंतींचं चर्च आणि त्याभोवतीचं कब्रस्तान. शाल्केनमेरेनचे लोक आजही आपली माणसं तिथेच पुरतात. सगळं गाव गेलं, तरी शेजारच्या गावाने त्याची ही एक जागा चारशे वर्षांहून जास्त काळ जपली, याचं मला फार मोल वाटतं.

जाणाऱ्यांनी जमल्यास डाउनहून सायकलने जावं. जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलरस्ता थेट शाल्केनमेरेनवरून पुढे मोझेल नदीपर्यंत उतरतो.