टेनिसचा सगळ्यात मोठा कोण आणि तुम्ही जागून बघितलेली ती फायनल (सोलापूरकरांनो, अनुभव लिहा)

होटगीरोडवाला:
ग्रँड स्लॅमचे (वर्षातल्या चार मोठ्या स्पर्धांचे) आकडे सगळ्यांना पाठ आहेत, जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २०, ते परत इथं टाकू नका. कोण मोठा ते सांगा आणि कुठली मॅच बघून तसं वाटायला लागलं ते सांगा, कुठं बसून बघितली तेही लिहा. भांडण चालेल, शिव्या नकोत.

सुरुवात मीच करतो. ६ जुलै २००८, विम्बल्डन, फेडरर नदाल. फेडरर तिथं ओळीनं पाच वर्षं जिंकलेला, आणि नदालनं पहिले दोन सेट ६-४, ६-४ असे काढून घेतले. तिसऱ्यात लंडनला पाऊस, सगळे उठून आत. तो सेट टायब्रेकवर (६-६ झाल्यावरच्या निकाली गेमवर) फेडररला. चौथाही टायब्रेकवर गेला आणि इकडं आमच्या गल्लीत नळाला पाणी आलं. आता सोलापुरात चार दिवसांनी आलेलं पाणी म्हणजे काय ते मी सांगायला नको, रात्रीचे बारा असोत नाहीतर तीन, उठायचं आणि भरायचं. आई म्हणाली घागरी कोण भरणार, तुझा फेडरर येणार आहे का? मग मी नळी बॅरलमध्ये सोडून खिडकीतून आतला टीव्ही बघत उभा. नदाल ५-२ पुढं, सर्व्हिस त्याचीच, आणि पठ्ठ्यानं डबल फॉल्ट केला, म्हणजे दोन्ही सर्व्हिस चुकवल्या. पुढं ८-७, मॅच पॉइंट, नदाल नेटवर आलेला आणि फेडररनं बॅकहँड असा लाइनला घासून काढला की माझ्या हातातली नळी कुठं गेली मला कळलं नाही, अंगणात पाणीच पाणी, शेजारच्या काकू ओरडायल्या.

पाचव्यात २-२ ला परत पाऊस. त्या वेळात मी हौद भरून घेतला, तेवढा पाऊस आपल्या कामी आला. संपली तेव्हा इथं पावणेदोन झालेले, ९-७ नदाल, आणि तिकडं इतका अंधार की बॉल कसा दिसत होता त्यांनाच ठाऊक. तेव्हा सेंटर कोर्टला छप्पर नव्हतं, ते पुढच्या वर्षी आलं. हरला तरी माझ्यासाठी मोठा फेडररच.

कडकभाकरी:
भावा, हरलेली मॅच सांगून फेडरर मोठा म्हणालास, कमाल आहे बे तुझी 😄

मी जोकोविचवाला. १४ जुलै २०१९, विम्बल्डन फायनल, जोकोविच फेडरर. त्याच दिवशी लॉर्ड्सवर वर्ल्ड कपची फायनल, इंग्लंड न्यूझीलंड. आमच्यात टीव्हीचा रिमोट पप्पांकडं असतो, तो विषय संपला, त्यामुळं टीव्हीवर क्रिकेट आणि मी कोपऱ्यात मोबाइलवर टेनिस, नेट मध्येमध्ये गोल गोल फिरायलालं. पाचवा सेट, फेडरर ८-७, सर्व्हिस त्याची, ४०-१५. दोन चॅम्पियनशिप पॉइंट, एक घेतला की विम्बल्डन त्याचं. सगळं सेंटर कोर्ट त्याच्या बाजूनं. मी मोबाइल उलटा ठेवला, परत उचलला तर ८-८! १२-१२ ला टायब्रेक हा नियम त्याच वर्षी आलेला आणि तोही जोकोविचनं घेतला. चार तास ५७ मिनिटं. इकडं पप्पा म्हणतात बंद कर ते, सुपर ओव्हर लागली.

आता गंमत बघा, त्या मॅचमध्ये एकूण पॉइंट फेडररचे २१८ आणि जोकोविचचे २०४. म्हणजे जास्त पॉइंट जिंकून माणूस हरला. का? तर तिन्ही टायब्रेक जोकोविचचे. पॉइंट कुठला महत्त्वाचा हे ज्याला कळतं तो मोठा. फेडरर सुंदर खेळतो म्हणे. सुंदर खेळायला हे काय भरतनाट्यम आहे का?

आणि समोरासमोर म्हणाल तर फेडररशी २७-२३, नदालशी ३१-२९. दोघांच्या पुढं. आकडे नको म्हणालास म्हणून दोनच दिले.

सातरस्ता:
चार दिले. मोज.

माग_आणि_मॅच:
सगळे पुरुषच लिहिणार का इथं? मी लिहिते.

आमचं घर पूर्व भागात, खाली माग आणि वर आम्ही. मागाची खटखट सुरू असली की टीव्हीचा आवाज कितीही वाढवा, ऐकू काही येत नाही, त्यामुळं लहानपणीचं माझं सगळं टेनिस मुकं आहे, कॉमेंट्री नावाची गोष्ट मी फार उशिरा ऐकली. नान्नांना (वडिलांना) जर्मनीची स्टेफी ग्राफ आवडायची. तिचा फोरहँड आला की मान डोलवायचे. १९८८ ला तिनं चारही ग्रँड स्लॅम आणि वर ऑलिंपिक गोल्ड असं एकाच वर्षात घेतलेलं, ते व्हीलचेअर टेनिस सोडलं तर एकेरीत आजपर्यंत दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही, ना बाईला ना पुरुषाला.

पण माझी मॅच वेगळी. १९९३ ची विम्बल्डन फायनल, ग्राफ आणि याना नोवोत्ना. तिसऱ्या सेटमध्ये नोवोत्ना ४-१ पुढं, ४०-३०, एक पॉइंट घेतला की ५-१. डबल फॉल्ट. तिथून जे घसरलं ते घसरलंच, ग्राफनं सेट ६-४ घेतला. नोवोत्ना बक्षीस घ्यायला आली आणि ब्रिटिश राजघराण्यातल्या डचेस ऑफ केंटच्या खांद्यावर डोकं ठेवून लहान पोरीसारखी रडली. त्याला कॉमेंट्री लागलीच नाही. अम्मा जेवण वाढायची थांबली होती आणि विचारत होती की हिचं कोण गेलं? नान्नांनी तेलुगूत सांगितलं, मॅच गेली. अम्माला काही ते पटलं नाही. पाच वर्षांनी १९९८ ला नोवोत्ना जिंकली तेव्हा अम्मानं तिला लगेच ओळखलं, ती रडणारी बाई म्हणून.

आणि कोण मोठा म्हणताना एक लक्षात घ्या. त्याच १९९३ च्या एप्रिलमध्ये हँबुर्गला मोनिका सेलेसच्या पाठीत एका माणसानं चाकू मारला, मॅच चालू असताना, कोर्टच्या बाजूला बसलेली असताना, ग्राफचाच वेडा चाहता. सेलेस तेव्हा १९ वर्षांची आणि नावावर आठ ग्रँड स्लॅम. दोन वर्षांवर ती खेळलीच नाही, आणि परत आल्यावर फक्त एक जिंकली. ग्राफचे २२ मला मान्य आहेत, तिचा काय दोष. पण ते २२ मोजताना माझं बोट तिथं अडखळतं.

होटगीरोडवाला:
ताई, हे भारी लिहिलंत. धाग्याचं नाव बदलावं लागणार.

गड्डाफेम:
आमचं छोटं आहे. २०१२ ऑस्ट्रेलियन ओपन, जोकोविच नदाल. जानेवारीची फायनल म्हणजे आपल्याकडे दुपारी दोनला सुरू. जेवून आडवा पडून बघायला घेतली. घरचे होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेला गेले, पाळण्यात बसले, भेळ खाल्ली, पोरांना खेळणी घेतली, परत आले, तरी मॅच चालूच. बायको म्हणाली रेकॉर्डिंग लावलंय का? ५ तास ५३ मिनिटं, ग्रँड स्लॅमची सगळ्यात लांब फायनल. भाषणं सुरू झाली तर दोघांना उभं राहवेना, शेवटी खुर्च्या आणून दिल्या.

मोठा कोण ते मला विचारू नका, त्या दिवशी दोघंही माणसं नव्हती.

रॉडिकचा_वकील:
हरलेल्यांचंही कुणीतरी बोला की. २००९ विम्बल्डन फायनल, फेडररनं अमेरिकेच्या रॉडिकविरुद्ध पाचवा सेट १६-१४ घेतला. रॉडिकची सर्व्हिस सलग ३७ वेळा कुणी मोडली नाही, मोडली ती थेट शेवटच्या गेमला, आणि तिथंच मॅच संपली. दुसऱ्या सेटच्या टायब्रेकला ६-२ पुढं होता ओ, चार सेट पॉइंट! तो सेट घेतला असता तर २-० झालं असतं. आम्ही तिघं मित्र विजापूर रोडला एकाच्या खोलीवर, तिघंही फेडररचे फॅन, आणि शेवटी शेवटी तिघंही रॉडिकच्या बाजूनं ओरडायलालो. घरमालक वर आला, त्याला वाटलं भांडण लागलंय.

पेन्शनर_काका:
तुम्हा पोरांचं सगळं २००० नंतरचं. ऑस्ट्रेलियाच्या रॉड लेव्हरनं एका वर्षात चारही स्लॅम दोनदा घेतले, १९६२ ला आणि १९६९ ला. मधली पाच वर्षं त्याला खेळताच आलं नाही, कारण तो प्रोफेशनल झाला आणि तेव्हा स्लॅम फक्त हौशी खेळाडूंसाठी होते. १९६८ ला दारं उघडली. ती पाच वर्षं जमेला धरा आणि मग बोला.

मॅच मात्र माझी फायनल नाहीच. १९९६, अटलांटा, लिअँडर पेस ब्राँझसाठी ब्राझीलच्या मेलिजेनीशी. मनगट दुखावलेलं, पहिला सेट ३-६ गेला, पुढचे दोन ६-२, ६-४. आमच्या कराडकडच्या खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं, त्यानंतर ४४ वर्षांनी एकट्याच्या जिवावर मिळालेलं भारताचं हे पहिलं पदक. मी नोकरीला सोलापुरात, मूळ तिकडचा, मला त्या दिवशी पेसपेक्षा खाशाबाच जास्त आठवत होते. ऑफिसात पेढे वाटले तर साहेब म्हणाले प्रमोशन झालं का काय.

कुमठानाका:
एक तांत्रिक मुद्दा लिहितो, पोरगा टेनिस शिकतोय म्हणून जरा कळायला लागलंय.

सोलापुरात बायकांची आयटीएफ (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ) स्पर्धा झाली तेव्हा क्रीडा संकुलात जाऊन बसलो होतो. टीव्हीवर कॅमेरा मागून वरून असतो, त्यामुळं बॉल किती उसळतो ते समजतच नाही. कोर्टाच्या बाजूला बसलं की कळतं, टॉपस्पिन (पुढं फिरकी देऊन) मारलेला बॉल टप्पा पडून खांद्याच्या वर येतो आणि समोरची पोरगी दोन पावलं मागं सरकते. आणि आवाज! बॉल तारांवर नीट बसला की वेगळाच येतो, माझा पोरगा डोळे मिटून सांगायचा आता बाहेर जाणार म्हणून, आणि बरेचदा जायचा.

तिथं बसल्यावर नदाल फेडररचं गणित उलगडलं. नदाल डावखुरा, त्याचा फोरहँड तिरका सुटला की टप्पा पडून फेडररच्या एका हाताच्या बॅकहँडला खांद्याच्या उंचीवर. एका हातानं तिथं जोर लावणं अवघड, मग स्लाइस (खालून कापून मारणं) करायचा, की नदाल परत तिकडंच. समोरासमोर नदाल २४-१६ असा हिशोब निघाला त्यात याचा मोठा वाटा. फेडररनं २०१४ ला रॅकेट बदलली, ९० चौरस इंचाची ९७ ची केली. २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलला पाचव्या सेटमध्ये १-३ मागं होता, आणि तिथून बॅकहँड मागं न सरकता, चढत्या बॉलवरच सपाट मारत सुटला. ६-३. वय ३५. माझी मॅच ती.

कडकभाकरी:
काका, जोकोविचचा बॅकहँड दोन हातांचा, त्याला खांद्यावर आला काय आणि कमरेला आला काय. मी तेच म्हणालोय!

जुळेसोलापूर_२००७:
तुमच्या तिघांचं झालं असेल तर आमचंही ऐका. ८ जून २०२५, फ्रेंच ओपन, अल्काराझ आणि सिनर. सिनर दोन सेट पुढं, तिसरा अल्काराझला, चौथ्यात सिनर ५-३ आणि अल्काराझच्या सर्व्हिसवर ०-४०. तीन चॅम्पियनशिप पॉइंट. आमच्या ग्रुपवर एकानं सिनरला कॉंग्रॅट्सचं स्टेटस टाकलं पण. तिन्ही वाचवले ओ त्यानं. ५ तास २९ मिनिटं, शेवटी पाचव्याचा टायब्रेक १०-२. मी जेवणाचं ताट मांडीवर घेऊन बसलेलो, शेंगाचटणी भाकरी, भाकरी गार, चटणी सुकली, मम्मीनं ताट उचलून नेलं तेही कळलं नाही. स्टेटसवाला गायब, दोन दिवस ऑनलाइन आला नाही.

सातरस्ता:
आणि पाच आठवड्यांनी विम्बल्डनला सिनरनं चार सेटमध्ये वचपा काढला, ते पण लिही की.

जुळेसोलापूर_२००७:
त्या दिवशी आमच्याकडं लाइट गेलेली. मी बघितलीच नाही, म्हणून धरत नाही 😄

माग_आणि_मॅच:
बघ बाबा, असाच नियम लावला तर नान्नांच्या हिशोबात सेलेस कधीच जिंकलेली नाही, ती जिंकायला लागली की ते उठून माग बघायला खाली जायचे.