मुलांच्या अँक्झायटीच्या थेरपीत आईवडिलांनी बसायचं का नाही?

होटगीरोडवाली

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यावरून चांगलाच वाद झाला म्हणून इथं विचारतेय. एका ताईंचा मुलगा नऊ वर्षांचा, शाळा म्हटलं की पोटात दुखतं, उलटी होते, सगळे रिपोर्ट नॉर्मल. बालरोग डॉक्टरांनीच काउन्सेलरकडे पाठवलं. तर काउन्सेलर म्हणाल्या मुलाला नंतर आणा, आधी तुम्ही दोघं या. घरात सगळे चिडले, त्रास पोराला होतोय आणि आम्हाला काय म्हणून बसवून ठेवता, आम्ही काय वेडे आहोत का.

मला तर त्या काउन्सेलरचं शंभर टक्के पटलं. भीती पोराच्या मनात असते पण तिला रोज खायला घर घालतं. आई शाळेच्या गेटबाहेर दोन तास थांबते, आजी म्हणते राहू दे गं आज नको पाठवू, पाहुण्यांनी नाव विचारलं तर बाबाच सांगून टाकतात, रात्री एकटं झोपायचं नाही म्हणून सगळे एका खोलीत. यात प्रेमच आहे, कुणी मुद्दाम करत नाही. त्या क्षणी पोराला बरं पण वाटतं. पण पोरगं त्यातून शिकतं काय, तर शाळा खरंच धोक्याची आहे आणि मला एकट्याला हे झेपत नाही. मग उद्या भीती अजून थोडी मोठी.

अमेरिकेत येल विद्यापीठात एली लेबोवित्झ म्हणून मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी यावरच 'स्पेस' नावाची पद्धत बसवली. २०२० मध्ये छापून आलेल्या त्यांच्या अभ्यासात ७ ते १४ वयाची १२४ मुलं होती. एका गटात मुलांना नेहमीची सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी थेरपी, दुसऱ्या गटात फक्त आईवडिलांना १२ आठवडे सेशन, मूल थेरपिस्टकडे गेलंच नाही. आणि फरक दोन्हीकडे सारखाच पडला! पालकांना शिकवलं काय तर दोनच गोष्टी, भीतीपायी घरानं लावून घेतलेल्या सवयी हळूहळू सोडायच्या आणि पोराला सांगत राहायचं की तुला भीती वाटतेय हे मला कळतंय आणि तू हे निभावशील याची मला खात्री आहे. म्हणून माझं म्हणणं, लहान मुलाच्या थेरपीत पालक नसतील तर ती थेरपी अर्धीच.

पार्कचौक_९९

ताई, माझं मत पूर्ण उलट आहे आणि ते अनुभवातून आहे. मी अकरावी-बारावीला मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी लातूरला होतो, तिथं पॅनिक अटॅक यायला लागले, हात थरथरायचे, पेपरवर अक्षरं दिसायची नाहीत. परत आणून सोलापुरातच एका काउन्सेलरकडे नेलं, नाव घेत नाही. आई पूर्ण वेळ शेजारी बसलेली. मी काय बोलणार? मला मेडिकल नकोच आहे हे तिच्यासमोर सांगू? सगळं छान चाललंय असंच सांगत राहिलो. नंतर एकदा एकटं बोलायला मिळालं, मोकळा झालो, तर रात्री मामाचा फोन, काय रे असं म्हणालास म्हणे! म्हणजे काउन्सेलरनं आईला सांगितलं आणि आईनं आख्ख्या खानदानाला. त्यानंतर मी तोंड उघडलं नाही.

तुम्ही नऊ वर्षांचं सांगताय, ठीक आहे. पण आपल्याकडं 'पालकांना सामील करा' म्हटलं की सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात पण सगळे घुसतात. त्यात २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात १८ च्या आतल्यांचा प्रतिनिधी म्हणून पालकच धरलेत, म्हणजे पोराचं बोलणं गुप्त राहणार का नाही हे शेवटी समोरच्या माणसाच्या समजुतीवर. आणि ज्याच्या भीतीचं कारण घरातच बसलंय त्यानं कुठं जायचं?

शाळेतल्या_बाई

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत शिकवते. दोघांचंही वाचलं. माझा विरोध वेगळ्याच कारणासाठी आहे, 'आईवडील' म्हणता म्हणता ते शेवटी 'आई'च होतं.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांच्या आया विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी, एक दुपार गेली की तेवढे पैसे गेले. वडील लूमवर नाहीतर गारमेंटमध्ये, पाळी बदलती. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि काउन्सेलर बोलणार निम्मं इंग्रजी. या बाईला तुम्ही १२ आठवडे दर आठवड्याला बोलावणार? ती येणार नाही, मग तुम्हीच लिहिणार की पालक सहकार्य करत नाहीत. आणि आली तर ऐकणार काय, तुम्ही त्याला गेटपाशी सोडून निघून का येत नाही, तुम्ही त्याला जवळ का झोपवता. अहो एकाच खोलीत सहा माणसं झोपतात, जवळ नाही झोपवणार तर कुठं झोपवणार!

आईला दोष देण्याची खोड फार जुनी आहे. ऑटिझमच्या बाबतीत एके काळी मोठमोठे डॉक्टर म्हणायचे की आईनं माया केली नाही म्हणून मूल असं झालं. ते साफ चूक होतं हे पुढं कळलं, पण तोवर किती बायका आतल्या आत जळल्या असतील. हीच गोष्ट आता अँक्झायटीच्या नावानं परत नको.

होटगीरोडवाली

बाई, दोषाचं तुम्ही बोललात ते मनाला लागलं. पण लेबोवित्झ स्वतःच म्हणतात की पालकांमुळे अँक्झायटी होते म्हणून पालकांना बोलवत नाही. बदल करायला सगळ्यात जास्त वाव त्यांच्या हातात असतो म्हणून बोलवतो. मूल स्वतः तयार नसेल, शब्दच फुटत नसेल, तेव्हा तर दुसरा रस्ताच नाही. वेळेचं म्हणाल तर टेली-मानस ही सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा आहे, १४४१६, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. सुरुवात तिथून तरी होईल.

शाळेतल्या_बाई

फोन कुठं बसून करणार ताई, त्या सहा माणसांच्या खोलीत? सासूच्या समोर?

सातरस्ता_काका

मी ६८ वर्षांचा आहे, स्पष्ट लिहितो. लहान पोराला भीती वाटतेच. आमच्या वेळी वडील हात धरून ओढत शाळेत सोडायचे, आठ दिवसांत रडं बंद. आता भीती म्हणजे आजार आणि आजार म्हणजे सेशन. आजीआजोबांना घरातून बाजूला सारायचं आणि फी भरून परक्या माणसाकडून शिकायचं हे मला पटत नाही.

सायको_एमए

काका, नमस्कार. ओढत नेणं आणि थेरपीतलं एक्सपोजर, म्हणजे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. गर्दीला घाबरणाऱ्या मुलीला एकदम सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर उभं केलं, वर शोभेच्या दारूचे आवाज, तर ती पुढच्या वर्षी घराबाहेर पडणार नाही. तेच आधी संध्याकाळी हुतात्मा बागेत, मग आडवारी नवी पेठेच्या बाजारात एका दुकानापर्यंत, मग शनिवारी, आणि प्रत्येक पायरी तिला विचारून ठरवलेली, भीती थोडी ओसरेपर्यंत तिथंच थांबायचं, तर जानेवारीत ती स्वतः पाळण्याजवळ जाऊन उभी राहील. आणि ही पायरीपायरी करणार कोण? थेरपिस्ट तर नवी पेठेत येत नाही. आजोबाच नेणार ना! तुम्हाला बाजूला सारायचं नाहीये, उलट तुमचीच गरज आहे.

पण होटगीरोडवाली ताईंना पण सांगायचंय, पालक नसतील तर थेरपी अर्धी हे वाक्य जरा जास्त झालं. १९९६ ला ऑस्ट्रेलियात पॉला बॅरेट यांच्या अभ्यासात नुसत्या सीबीटीनं ५७ टक्के मुलांना अँक्झायटीचं निदान लागू राहिलं नाही आणि कुटुंबाचा भाग जोडला तर ८४ टक्के, तेव्हा सगळ्यांना वाटलं झालं, ठरलं. पुढं बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तर असा फायदा दर वेळी दिसेना. २००८ चा अमेरिकेतला मोठा अभ्यास घ्या, ७ ते १७ वयाची ४८८ मुलं, सीबीटीनं ६० टक्क्यांच्या आसपास मुलं बरीच सुधारली, औषध आणि सीबीटी दोन्ही मिळून ८१ टक्के, औषध नसलेल्या नुसत्या खोट्या गोळीनं २४ टक्के. त्या सीबीटीत १४ सेशन होती आणि त्यातली फक्त दोन खास पालकांची. म्हणजे मुलाशी थेट काम करून पण चांगलं बरं होता येतं. वय किती, घरात भीतीला किती सांभाळून घेतात, आईवडिलांनाच अँक्झायटी आहे का, हे बघूनच ठरवायला पाहिजे.

पार्कचौक_९९

हे वयाचं लिहिलंत ते बरं केलंत. माझी अट एवढीच, तेराचौदाच्या पुढं पोराला विचारल्याशिवाय कुणी आत येऊ नये आणि आतलं बाहेर जाऊ नये. पालकांना शिकवायचं तर त्यांचं वेगळं सेशन घ्या ना, माझ्या सेशनमध्ये कशाला.

होटगीरोडवाली

वेगळं सेशन मान्य, मी पण तेच म्हणतेय, स्पेसमध्ये तर सेशन फक्त पालकांचंच असतं. पण आतलं काहीच बाहेर नाही हे मी मानणार नाही. पोरगं जिवाचं बरंवाईट करायचं म्हणत असेल तर आईबापाला कळलंच पाहिजे.

पार्कचौक_९९

ते कळू दे. पण काय सांगणार आणि काय नाही सांगणार हे पहिल्याच दिवशी पोराच्या तोंडावर सांगा. मला कुणी सांगितलं असतं तर मी निदान ठरवलं असतं काय बोलायचं ते.

सातरस्ता_काका

नवी पेठेचं वाचलं. नात नऊ वर्षांची आहे, रिक्षात एकटी बसत नाही. पहिली पायरी काय ठेवावी?

सायको_एमए

काका, तिलाच विचारा की रिक्षात नेमकी कशाची भीती वाटते. रिक्षावाल्याची, मुलांची, का तुम्ही परत येणार नाही याची. पायरी त्यावर ठरेल.

शाळेतल्या_बाई

सगळं चांगलं आहे, तरी माझा प्रश्न तसाच राहिला. पूर्व भागात शाळेतच, सुटीच्या दिवशी, तेलुगू येणारं कुणी बसलं तर मी स्वतः आयांना घेऊन येईन. तोवर 'पालकांना सामील करा' हे ज्यांना वेळ आणि वेगळी खोली आहे त्यांच्यापुरतंच आहे असं मी म्हणत राहणार.