झोपेत दात खाण्याची सवय आणि धंद्याचा ताण

उद्यमनगरकर:
गेले दोन महिने मी झोपेत करकर दात खातो, अशी सौभाग्यवतींची तक्रार आहे. मला स्वतःला मात्र सकाळी कानशिलांत ठणका लागतो आणि भाकरी चावताना जबडा अवघडतो, एवढेच कळते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझे लहानसे मशीन शॉप आहे. मार्चअखेरची अडकलेली येणी, पगार आणि बँकेचा हप्ता यांचा हिशेब अंथरुणातही चालूच असतो. आईच्या आग्रहाखातर जंतांचे औषधही घेऊन झाले. दंतवैद्यांनी दाढांचे माथे झिजलेले आरशात दाखवले आणि रात्री लावण्यासाठी नाईट गार्ड, म्हणजे दातांवर बसवायचे आवरण, करून दिला. त्याने दात वाचतील, परंतु सवय जाईलच असे नाही, हेही त्यांनी सांगितले. ताण हलका करण्यासाठी कोणी नेमके काय केले, ते कृपया लिहावे. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला घरी भरपूर मिळतो.

गुजरीतला कारागीर:
दादा, मी खडे बसवण्याचे काम करतो. रात्रीच्या दात खाण्यावर आपला ताबा नसतो, पण मी दिवसाही दात आवळून बसतो, हे मला फार उशिरा उमगले. बारीक खडा चिमट्यात धरला की श्वास रोखला जायचा आणि दाढा एकमेकींवर घट्ट बसायच्या. मग मी दिव्याच्या दांडीला लाल दोरा बांधला. तो दिसला की ओठ मिटलेले ठेवायचे, दात सुटे करायचे, जीभ वरच्या दातांमागे टाळूला हलकेच टेकवायची आणि एक लांब उच्छ्वास सोडायचा. पहिल्या आठवड्यात दोऱ्याकडे पाहावे तेव्हा दात आवळलेलेच सापडत. महिन्याभराने सकाळचा ठणका उतरला. रंकाळ्यावर फेरी मारतो, तिचाही उपयोग होत असावा. पण श्रेय मी दोऱ्यालाच देईन.

दंतसेवक:
वरील अनुभव शास्त्राला धरून आहे. जबडा सैल असताना वरच्या आणि खालच्या दातांमध्ये साधारण २ ते ४ मिलिमीटर अंतर असते. दात एकमेकांना टेकायचे ते मुख्यतः चावताना आणि गिळताना. ताणाचा संबंध दिवसा दात आवळण्याशी अधिक स्पष्ट दिसतो. झोपेतल्या दात खाण्यामागे मात्र इतर कारणेही असू शकतात, म्हणून सगळा दोष मनावर टाकू नये. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास अडणे आणि दिवसभर पेंग येणे अशी लक्षणे असतील, तर झोपेची तपासणी करून घ्यावी. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हा त्रास सुरू होतो. तशी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना सांगावे. रात्रीचा चहा, तंबाखू आणि मद्य टाळावे. झोपण्यापूर्वी गालांवर कोमट शेक घ्यावा. गार्ड गरम पाण्यात धुऊ नये, त्याचा आकार बिघडतो.

उद्यमनगरकर:
आपले आभार. घोरत नाही, असे घरून प्रमाणपत्र मिळाले आहे. चहा मात्र रात्री दहालाही होतो, तो बंद केला. काल येणी वहीत लिहून काढताना तिसऱ्याच नावापाशी दाढा आवळलेल्या सापडल्या. आता लाल दोरा त्या वहीलाच बांधला आहे आणि संध्याकाळी वही दुकानातच ठेवून निघतो.