वेबसाइटच्या अटी-शर्ती: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ लिहिलं तर चालतं का?

तांबट_आळी
कसबा पेठेतल्या दुकानातली तांब्या-पितळेची भांडी आता वेबसाइटवरून विकणार आहोत. बिलावर छापतो ती दोनच वाक्यं, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ आणि ‘सर्व वाद पुणे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात’, अटींच्या पानावर टाकली तर पुरेल का?

कलमवाला
पहिलं वाक्य काढाच. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष निघाला, दाखवल्यापेक्षा वेगळा आला किंवा कबूल तारखेनंतर पोचला, तर परत घ्यायला नकार देता येत नाही. पूर-बंदसारख्या कारणाने झालेला उशीर तेवढा वेगळा. नुसतं मन बदललं असेल, तर अट तुमची: ‘न वापरलेलं भांडं 7 दिवसांत, कुरिअरचा खर्च ग्राहकाचा’.

दुसरं वाक्य घाऊक गिऱ्हाइकापुरतं ठेवा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे नागपूरचा घरगुती ग्राहक नागपूरच्याच ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो. लवादाचं (वाद कोर्टाऐवजी त्रयस्थ पंचाकडे नेण्याचं) कलम घातलंत तरी ती वाट बंद होत नाही.

पेठेतला_पाटा
खरी भांडणं ‘सदोष’ कशाला म्हणायचं यावरून होतात, म्हणून ते भांड्यागणिक लिहा. मठाराचे (भांडं हाताने ठोकून घडवतानाचे) ठोके प्रत्येक नगावर वेगळे पडतात, तांबं हवेने काळवंडतं, हे दोष नव्हेत. गळका सांधा, पोचा, निघालेली कल्हई हे दोष. वजन ‘अंदाजे’ लिहू नका, ‘किमान 900 ग्रॅम’ असं लिहा. हे सगळं त्या वस्तूच्या पानावरही हवं. फक्त अटींच्या पानात दडवलेलं कुणी वाचत नाही.

कलमवाला
अगदी बरोबर. शिवाय ‘मला अटी मान्य आहेत’ ही चौकट आधीच टिक करून ठेवू नका, नियमात बसत नाही. ग्राहकाने स्वतः टिक केल्याची वेळ आणि त्या दिवशीचा अटींचा मसुदा ऑर्डरसोबत जपून ठेवा. नंतर अटी बदलल्या तरी जुन्या ऑर्डरला जुन्याच लागतात. दुकानाचं कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा, फोन ठळक द्या. तक्रारीची पोच 48 तासांत, निवारण महिन्याभरात.

तांबट_आळी
आभार. नाव कोरून दिलेल्या भांड्याची ऑर्डर रद्द केली तर 20 टक्के कापायचे का?

कलमवाला
तुम्ही स्वतःहून ऑर्डर रद्द केलीत तर तसंच शुल्क सोसणार असाल, तरच. त्यापेक्षा ‘कोरीवकाम सुरू होईपर्यंत रद्द करता येईल’ असं लिहा आणि काम हाती घेताच ग्राहकाला मेसेज टाका.