मदत हवी आहे: केकला मध्ये खड्डा, चव साबणासारखी. पुस्तक परत करू की चमचा?

घाईत_आहे:
प्लीज लवकर सांगा, परत करायची मुदत उद्या रात्री संपतेय. केकचं पुस्तक घेतलं आणि त्याच ऑर्डरमध्ये तो सरकता चमचा, दोन्हीला साडेचारच्या आसपास स्टार होते म्हणून फार विचार केला नाही. पुस्तकातला पहिलाच साधा केक केला, अगदी लिहिलंय तस्सा. ओव्हनमध्ये छान फुगतो आणि थोड्या वेळाने मध्ये खड्डा. चव तर साबणासारखी, घरात कोणी दुसरा घास घेईना. पुन्हा केला तरी तेच. आता नीट रिव्ह्यू वाचायला बसले तर निम्मे म्हणतायत पुस्तक एकदम भारी, निम्मे म्हणतायत मापं चुकीची छापलीत. चमच्याचीही तीच कथा. दोन्ही परत करू की एकच, आणि कुठलं ते सांगा. ओव्हन नवीन आहे, त्याच्याबद्दल कृपया काही नको.

चिमूटभर:
सरकता चमचा म्हणजे नक्की काय? पुस्तक कुठे छापलेलं? सोडा की पावडर, किती? साचा कसला? यातलं काहीच न सांगता निकाल मागताय, आम्ही काय ज्योतिषी आहोत का.

घाईत_आहे:
फोटो चढत नाहीये. चमच्यात एक आडवी पट्टी असते, ती मागेपुढे सरकवायची, कडेला खुणा असतात. पाव टीस्पूनपासून टेबलस्पूनपर्यंत सगळं एकाच चमच्यात. पुस्तक इंग्रजीत आहे. सोडा पुस्तकात जेवढा आहे तेवढाच.

गरम_हवा:
एअर फ्रायर घ्या. मी घेतल्यापासून ओव्हनला हात लावलेला नाही. छोटे केक १६० वर एकदम झकास होतात.

घाईत_आहे:
मी काय घेऊ असं विचारलेलं नाही, काय परत करू असं विचारलंय.

ग्रॅमवाला:
चमचा परत करा, कपही काढून टाका, एक साधा डिजिटल वजनकाटा घ्या आणि विषय संपवा. एक कप मैदा म्हणजे किती हे कुणालाच माहीत नसतं. हलक्या हाताने चमच्याने भरला तर १२० ग्रॅम, कप थेट डब्यात खुपसून भरला तर १५० च्या पुढेही जातो. त्यात कपसुद्धा एक नाही, अमेरिकन कप साधारण २३७ मिली, मेट्रिक २५०, जपानी २००. हे सगळं माहीत असून लोक कपाने केक करतात आणि मग पुस्तकाला एक स्टार देतात, याला काय म्हणायचं.

अंदाजपंचे:
झालं यांचं सुरू. आमच्या आईने जन्मात काटा पाहिला नाही, वाटीने मोजायची आणि केक कधी बसला नाही. हात बसायला लागतो, गॅजेटं घेऊन काही होत नाही.

ग्रॅमवाला:
तुमच्या आईची वाटी कायम तीच होती ना? मग ते मापच झालं. या ताई दुसऱ्याच्या पुस्तकातून करतायत, त्या लेखकाची वाटी यांच्याकडे कुठून येणार.

तीन_तारे:
रिव्ह्यूंबद्दल बोलतो, कारण मूळ गोंधळ तिथेच आहे. पाच स्टारवाले निम्मे लोक वस्तू वापरायच्या आधीच लिहितात, 'पॅकिंग छान, वेळेवर मिळालं'. एक स्टारवाले बरेचदा डिलिव्हरीवर चिडलेले असतात. खरा माल दोन आणि तीन स्टारमध्ये, त्यातही ज्यांनी वापरून झाल्यावरचा फोटो टाकलाय ते आधी वाचा आणि 'नवीन आधी' लावून वाचा. दुसरं म्हणजे पुस्तकांच्या बाबतीत बऱ्याच साइट छापील प्रत, ई-पुस्तक, जुनी आवृत्ती सगळ्यांचे स्टार एकत्र दाखवतात. ई-पुस्तकात तक्ते मोडतात, अपूर्णांक भलतेच दिसतात. 'मापं चुकीची' म्हणणारे कुठली आवृत्ती वाचतायत ते तपासलंत का? आणि गॅजेटमध्ये आणखी एक चलाखी चालते, जुन्या वस्तूच्या पानावर नवीच वस्तू चढवतात, स्टार मात्र जुनेच राहतात.

घाईत_आहे:
अय्या हो! चमच्याच्या खाली एक जण फोनच्या कव्हरबद्दल लिहितोय, मला वाटलं चुकून टाकलं असेल. आणि पुस्तकाच्या तक्रारी खरंच ई-पुस्तकवाल्यांच्या दिसतायत, माझं छापील आहे.

पानोपानी:
पुस्तक छापील आहे तर ते ओट्यावर उघडं राहतं का? स्वयंपाकाच्या पुस्तकांचं सगळ्यात मोठं दुखणं हेच, चिकटवलेली बांधणी असते, कणकेचे हात आणि पुस्तक आपोआप मिटतं. शिवलेली किंवा स्पायरल बांधणी बघूनच घ्यावं. मी पानांवर पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर चढवते आणि स्टँडवर ठेवते. आणि हल्ली करड्या अक्षरात छापायची काय फॅशन आहे कळत नाही, पदार्थाचा फोटो पानभर आणि कृती मुंगीएवढ्या टायपात.

चिमूटभर:
पानोपानी ताई, बांधणीचं कुणी विचारलंय का :)
धागाकर्ती, पुस्तक कुठल्या देशातलं ते अजून सांगितलं नाहीत. पहिलं पान उलटून बघा, छपाईची माहिती असते तिथे.

घाईत_आहे:
ऑस्ट्रेलिया लिहिलंय. त्याने काय फरक पडतो? सोडा अर्धा टीस्पून, मैदा ३०० ग्रॅम किंवा २ कप असं दोन्ही दिलंय.

चिमूटभर:
फरक पडतो. ऑस्ट्रेलियातला टेबलस्पून २० मिलीचा असतो, म्हणजे चार टीस्पून. बाकी बहुतेक ठिकाणी १५ मिली, तीन टीस्पून. तुमच्या सरकत्या चमच्यावर १५ चीच खूण असणार. पुस्तकाच्या सुरुवातीला मापांचं पान असेल तेही वाचा.

अंदाजपंचे:
पण टीस्पून तर सगळीकडे ५ मिलीच ना? मग सोडा जास्त कसा झाला? टेबलस्पून लहान निघाला तर उलट तेल नाहीतर दूध कमी पडेल, साबण कुठून येणार.

चिमूटभर:
बरोबर आहे, हे मान्य. साबणाचं कारण दुसरीकडे आहे. सोड्याचं प्रमाणही ठीकच वाटतंय, एका कपाला पाव टीस्पून हा चालता हिशोब, दोन कपाला अर्धा. म्हणजे पुस्तक सुटलं. ताई, पुस्तकात ताक किंवा दही लिहिलंय का?

घाईत_आहे:
ताक लिहिलंय. घरात नव्हतं म्हणून दूध घातलं, तेवढंच. बाकी सगळं तस्संच.

ग्रॅमवाला:
'अगदी लिहिलंय तस्सा' 🤦

चिमूटभर:
हसू नका हो. ताई, सोड्याला आंबट लागतं. ताक, दही, लिंबू काहीतरी असलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि सोडा खर्च होतो. नुसत्या दुधात तो पुरेसा खर्च होत नाही, ओव्हनच्या उष्णतेने त्याचा सोडियम कार्बोनेट होतो, म्हणजे धुण्याचा सोडा, आणि साबणाची चव म्हणजे तीच. ताक नसेल तर कपभर दुधात टेबलस्पूनभर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून पाच-दहा मिनिटं ठेवा, फाटल्यासारखं दिसलं की वापरा. किंवा सोड्याऐवजी बेकिंग पावडर, तिच्यात आम्ल आधीच असतं, फक्त ती सोड्याच्या साधारण तिप्पट लागते.

घाईत_आहे:
म्हणजे चमचा चांगला आहे? रिव्ह्यूत तर लिहिलंय पट्टी हलते.

गरम_हवा:
एअर फ्रायरला असं काही लागत नाही.

अंदाजपंचे:
एअर फ्रायरमध्ये सोडा चालतो की कसा?? काय बोलताय राव.

फिरकी:
माझ्याकडे अगदी हाच चमचा होता, निळ्या पट्टीचा. पाण्या-तेलाला तळाच्या फटीतून झिरपतो आणि डब्यात खुपसला की पट्टी मागे सरकते, कारण दाबून बसलेली पावडर तिला ढकलते. खूण बघावी तर अर्ध्यावर असते, काढेपर्यंत पाऊण झालेली. वर धुवायला खाचेत अडकलेलं काढा. लसूण सोलायची नळी, अंड्याचा बलक शोषून घेणारी रबरी बाटली, केळं कापायची जाळी आणि हा चमचा, माझा एक अख्खा ड्रॉवर याच्यात गेलाय. पैकी लसणाची नळी तेवढी चालते, तीही लसूण जुना-कोरडा असेल तर.

ग्रॅमवाला:
अंदाज कशाला बांधताय, मोजा की. काटा असेल तर चमचा एक टीस्पूनवर लावा, पाणी सपाट भरून वाटीत ओता, असं दहा वेळा. ५० ग्रॅम यायला हवं. एकदाच ओतून बघू नका, घरातले काटे १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवतात, ५ ग्रॅमला त्यात काही अर्थ नाही.

घाईत_आहे:
काटा आहे शेजारी, आणते.

पानोपानी:
अवांतर: केळं कापायच्या जाळीने उकडलेली अंडी मस्त कापली जातात.

घाईत_आहे:
६२ आलं. पुन्हा केलं तर ६०. आणि खाली ओटा ओला झालाय.

ग्रॅमवाला:
म्हणजे झिरपूनसुद्धा जवळपास पावपट जास्त. परत करा, अजिबात विचार करू नका.

अंदाजपंचे:
पाणी कडेला फुगीर राहतं, लोक सपाट म्हणून भरतात ते सपाट नसतं. त्यात दोन-तीन ग्रॅम जातात.

ग्रॅमवाला:
दोन-तीन धरा, चार धरा. बारा नाही ना जात.

तीन_तारे:
खड्ड्याचं काय पण? साबणाचा उलगडा झाला, खड्ड्याचा कुठे झाला. जास्त सोड्याने खड्डा पडतो हे खरं, फुगे पटकन मोठे होतात आणि केक सेट व्हायच्या आधी फुटतात. पण मधलं कच्चं राहिलं तरी पडतोच. साचा कसला ते ताईंनी अजून सांगितलेलं नाही.

घाईत_आहे:
सिलिकॉनचा. किल्ल्याचा आहे, चार बुरूज आणि मध्ये उंच मनोरा. तोही नवीनच, पण त्याला कुणीच वाईट लिहिलेलं नाही म्हणून बोलले नाही. बुरूज जरा करपतात तेवढं.

चिमूटभर:
अहो!! हे आधी सांगायचं. पुस्तकात गोल आठ इंची टिन असणार, तुम्ही त्याच घोळाचा मनोरा उभा करताय. बुरूज बारीक, ते आधी भाजून करपतात, मनोरा जाड, तो आत कच्चाच. त्यात सिलिकॉन उष्णता हळू आत नेतं, पत्र्यासारखं नाही. ओव्हनचा पंखा चालू असतो का?

घाईत_आहे:
ओव्हनबद्दल नको म्हटलं ना. चालू असतो, हो.

चिमूटभर:
मग १८० नाही, १६०. बरीच पुस्तकं तापमान बिनपंख्याच्या ओव्हनचं देतात, पंखा असेल तर साधारण २० अंश कमी धरायचं. तुमच्या पुस्तकात कुठलं आहे ते त्याच मापांच्या पानावर असेल. किल्ला धातूच्या ट्रेवर ठेवा, दोन तृतीयांशच भरा, मनोऱ्यात सळई घालून बघा आणि कोरडी निघेपर्यंत बाहेर काढू नका. पण पहिला केक साध्या गोल टिनमध्ये करा हो, किल्ला जिंकायचा तो नंतर.

फिरकी:
साच्याला वास येतोय का? चिमटीत धरून पिळा, पांढरी रेघ दिसली तर भेसळीचं सिलिकॉन असू शकतं. ही काही पक्की खात्री नाही, पण माझा असाच एक होता, तो तापला की खोलीभर वास.

घाईत_आहे:
पांढरं काही नाही, वासही नाही. पुस्तकात मापांचं पान सापडलं, प्रस्तावनेच्या आधी बारीक अक्षरात. २० मिली लिहिलंय, आणि पंख्याच्या ओव्हनला २० अंश कमी असंही. हे एवढं महत्त्वाचं तिथे कोपऱ्यात कशाला छापायचं, प्रत्येक पाककृतीखाली एक ओळ टाकली असती तर काय गेलं असतं यांचं.

पानोपानी:
बघा, मी म्हटलं नव्हतं, मुंगीएवढा टाइप.

घाईत_आहे:
चमचा परत टाकला. कारण निवडायला 'वस्तू आवडली नाही' आणि 'खराब निघाली' दोनच आहेत, 'खराब निघाली' दिलं. पुस्तक ठेवतेय. लिंबू घालून दूध ठेवलंय आत्ताच, गोल टिन शेजारच्या काकूंकडून. आणि रिव्ह्यूही लिहिला, दोन स्टार: 'एक टीस्पूनची खूण सहा मिली देते, द्रव झिरपतो, सुक्या पावडरीत पट्टी सरकते. वरचे निम्मे रिव्ह्यू फोनच्या कव्हरचे आहेत.'

तीन_तारे:
असा रिव्ह्यू हवा. एक स्टार दिला असतात तर मी वाचलाच नसता.

फिरकी:
दोन स्टार कशाचे दिलेत पण? एक तर कळला.

घाईत_आहे:
मीठ-मसाल्याला चालतो की.

अंदाजपंचे:
मीठ मसाल्याला चमचा मोजून घालतात का कोणी?

ग्रॅमवाला:
मी घालतो.

गरम_हवा:
ग्रॅमवाला, तुमचा काटा कुठला? माझा महिन्याभरात सेल खातो, सीआर २०३२ चा.

ग्रॅमवाला:
बंद न करता ठेवत असाल किंवा वर काहीतरी ठेवून देत असाल, वजन असलं की काही काटे झोपतच नाहीत. उभा करून ठेवा. नाहीतर यूएसबीने चार्ज होणारा घ्या, पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ताईंचा केक यायचाय अजून.